वाकाल तुम्ही, फोन वाकणार नाही!

कोलापोचा फोन कोणाच्या बापाला वाकवता येणार नाही, असं कोलापोचं म्हणणं होतं, आणि ते तो दुग्बेच्या बाजारात भर दुपारी स्टुलावर उभा राहून म्हणायचा. इबादान शहरात फोन विकणारे पैशाला पासरी मिळतील. पण स्वतःचा फोन विजारीच्या मागच्या खिशात घालून गिऱ्हाइकांसमोर धपकन बाकावर बसून दाखवणारा दुकानदार एकच!

"बघा, मावशी! बसलो! आता उठतो. हा घ्या फोन. कुठे वाकलाय ते दाखवा!"

"वाकला नाही खरा," मावशी म्हणायच्या. "पण केवढा रे हा? याच्यावर ठेवून यामचा कंद चिरता येईल!"

"चिरा की! मोठा आहे म्हणून तर सगळं दिसतं. आणि पातळ किती, बघा. खिशात आहे की नाही, तुमचं तुम्हाला कळायचं नाही."

याच बोलण्याची त्याने एक जाहिरातही करून ठेवली होती. स्वतःच्याच आवाजात, स्वतःच्याच फोनवर. दुकानाबाहेरच्या स्पीकरवर ती दिवसभर ओरडायची: "पातळ पण पक्का! खिशात ठेवा! बसा! उठा! लोळा! वाकाल तुम्ही, फोन वाकणार नाही!"

शेजारच्या टपरीत फोन दुरुस्त करणारा सिजू, कोलापोचा लहानपणापासूनचा मित्र. जाहिरात ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. कोलापोने भरीला घातलं म्हणून त्यानेही तसाच फोन घेतला, पण तो रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवायचा.

"माझ्यावर विश्वास नाही का रे तुझा?" कोलापो विचारी.

"तुझ्यावर आहे. पण माझ्याकडे दुरुस्तीला काय काय येतं, ते मी बघतो ना!"

सिजूचं एक वेळ सोडा. पण ज्या एका माणसाला हे पटावं असं कोलापोला मनापासून वाटायचं, त्यालाच ते पटलं नव्हतं, आणि तो माणूस म्हणजे त्याचा बाप. अडिगुन टेलरांनी मोकोला वस्तीत कपडे शिवण्यात हयात घालवली. त्यांनी शिवलेला अगबाडा, म्हणजे समारंभाचा घोळदार झगा, अंगावर चढवला की किडमिडीत माणूसही खांदे मागे टाकून चालायला लागे. त्यांचं खिशाबद्दलचं मत ठाम होतं.

"खिसा रुमालासाठी असतो," ते म्हणत. "किल्लीसाठी असतो. फळकुटासाठी नसतो."

"बाबा, जग बदललं. तुम्ही आता खिसे मोठे करा."

"करतो मोठा. पण माणूस बसताना जिथे मोडतो, नेमकं तिथे तू फळकूट ठेवतोस. मग मोडायचं कोणी? माणसाने की फळकुटाने? ठरवा दोघं मिळून!"

"हे मोडायचं नाही, बाबा."

"बघू!"

हे 'बघू' कितीतरी वर्षं चाललं. त्यात रागही नव्हता आणि माघारही नव्हती.

मग कोलापोचं लग्न ठरलं, बोडिजा वस्तीतल्या लाडिपो साहेबांच्या मुलीशी, आयोकाशी, आणि त्याच वर्षी अडिगुन टेलरांनी अंथरूण धरलं. लग्नाची बोलणी झाल्याबरोबर त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती कापड. पलंगावर उशीला टेकून त्यांनी मुलाचा अगबाडा कापला, आतला सदरा कापला, खालचा विजारीसारखा शोकोटो कापला. पायमशीन खोलीत आणवलं. दमले की झोपत, उठले की शिवत. डॉक्टरांनी मना केलं, तर डॉक्टरांच्या पँटची शिवण कशी वाकडी आहे ते त्यांना दाखवलं.

कपडे शिवून झाले आणि एका सकाळी त्यांनी कोलापोपुढे हात केला.

"ते फळकूट दे इकडे. यात आवाज भरता येतो ना?"

"येतो, बाबा."

"मग बटण दाब आणि बाहेर हो. मागणीच्या दिवशी बापाने बोलायचं असतं. मी नसलो तर माझं म्हणणं लोकांनी माझ्या तोंडून ऐकावं. आणि हे बघ, आधी ऐकायचं नाही. त्या दिवशी, सगळ्यांसमोर."

"तुम्ही असणार आहात, बाबा."

"बटण दाब!"

कोलापो दाराबाहेर उभा राहिला. आतून पुटपुट ऐकू आली, खोकला ऐकू आला, आणि एकदा तर बाबा चक्क हसले. मग हाक आली, "झालं! ये आत!" ती हाक तशीच्या तशी फोनमध्ये राहिली असणार, हे पुढे बऱ्याच दिवसांनी त्याच्या लक्षात आलं. तोवर बाबा गेले होते.

त्यानंतर कोलापोने बाकावर बसून दाखवणं सोडलं. फोन मात्र अंगावेगळा होऊ दिला नाही. झोपताना उशीखाली, जेवताना मांडीवर. कोणी नुसता बघायला मागितला तरी तो दोन्ही हातांनी घट्ट धरायचा.

"अरे, त्याची एक प्रत तरी काढून ठेव," सिजू म्हणाला. "गिऱ्हाइकांना एवढं शहाणपण शिकवतोस!"

"काढतो," कोलापो म्हणाला, आणि काढली नाही. प्रत काढताना चुकून ऐकू आलं तर? बाबांना शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर तो आवाज आणखी कुठेतरी, कुठल्यातरी अनोळखी जागी पडून राहावा, ही कल्पनाच त्याला सहन होईना. एकच आवाज होता, तो आपल्या अंगावर असावा, एवढंच त्याला वाटे.

मागणीचा समारंभ जवळ आला तेव्हा त्याने बाबांनी शिवलेले कपडे घालून पाहिले. अगबाडा असा बसला, की आरशासमोर त्याचे डोळे भरून आले. मग त्याने फोन ठेवायला शोकोट्याच्या बाजूला हात नेला. हात नुसताच कापडावरून घसरला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शोकोटो काढून उलटा करून पाहिला. खिसा नव्हताच!

ज्या माणसाने जन्मभर खिशांवरून वाद घातला, तो मुलाच्या लग्नाच्या शोकोट्याला खिसा लावायला विसरला! कोलापो पलंगावर बसून ढसाढसा रडला. आजाराने बाबांचं एवढं नेलं होतं, आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. त्याने मनाशी ठरवलं, हे कोणाला कळता कामा नये. आईला तर नाहीच. उद्या कोणी म्हणायला नको, की अडिगुन टेलरांचा हात शेवटी चुकला.

आणि बापाची अब्रू वाचवण्यासाठी तो गेला कुठे? तर रफीउकडे! रफीउ कोपऱ्यावर चेन बदलून द्यायचा आणि उसवलेलं शिवून द्यायचा. अडिगुन टेलर त्याला 'कापडाचा खाटीक' म्हणत, तेही त्याच्या तोंडावर. रफीउने फोनचं माप घेतलं आणि मांडीवर पुढच्या बाजूला बरोब्बर तेवढाच लांब, अरुंद खिसा ठोकून दिला.

"आता तुझा फोन काही केल्या बाहेर पडायचा नाही!" तो म्हणाला. त्याचं हे बोलणं अक्षरशः खरं ठरलं.

दुसरी आगळीक दुरो काकांच्या बाबतीत झाली. बाबांचे धाकटे भाऊ, सिमेंटचे व्यापारी. सभा दिसली की त्यांना भाषण सुचे. भाऊ गेल्यावर मागणीला आपणच बोलणार, म्हणून त्यांनी घरात फेऱ्या मारत तयारी चालवली होती. कोलापोने जाऊन सांगितलं, "काका, तुम्हाला त्रास नको. बाबा स्वतःच बोलणार आहेत."

"असं का?" काका म्हणाले. "बरं, बरं. मोठ्या भावापुढे मी कोण बोलणारा!" आणि त्यांनी ओठ असे मिटले, की काकूंना वाटलं दातच दुखतोय.

समारंभाच्या सकाळी लाडिपो साहेबांच्या अंगणात मांडव घातला होता. फरशीवर गालिचा, दोन्ही बाजूंना खुर्च्या, मागे जेवणाच्या चुली. कोलापोने सगळ्यांत आधी स्पीकरवाल्याला गाठून फोन त्याच्या स्पीकरला बिनतारी जोडून घेतला. म्हणजे वेळ आली की नुसतं बोट लावायचं, आणि अख्ख्या मांडवात बाबा!

"इकडे दे तो," आई म्हणाली आणि तिने पिशवीचं तोंड उघडलं. "लोटांगणं घालायची आहेत तुला."

"नको, आई. माझ्या अंगावरच बरा आहे."

"सिजूकडे तरी दे."

"आई, मी रोज विकतो हे फोन! काही होत नाही!"

आईने पिशवी मिटली. शोकोट्याचा खिसा तेव्हा तिच्या नजरेस पडला नाही, कारण वरून अगबाड्याचा घोळ होता.

मग उभी राहिली आलागा अबेके. आलागा म्हणजे मुलीकडून समारंभ चालवायला खास बोलावलेली बाई. हातात माइक, डोक्याला जांभळा फेटा, आणि जीभ अशी, की तिच्यासमोर मंत्र्याला उभं केलं तर तोही माफी मागून खाली बसेल.

"कोण आलंय हे?" ती गरजली. "आमचं फूल मागायला? आणि असं ताठ उभं राहून? काय हो, तुमच्या मोकोल्यात मुलगी उभ्या उभ्या मागतात वाटतं?"

कोलापो आणि हिरव्या टोप्या घातलेले त्याचे मित्र ओळीने गालिच्यावर पालथे पडले.

"याला लोटांगण म्हणतात?" अबेके वाकून पाहू लागली. "नवरदेव, पोट कुठे टेकलंय? मला खालून पलीकडची चूल दिसतेय! उठा! पुन्हा!"

पुन्हा पडले. कोलापोने या वेळी श्वास सोडून सगळा भार जमिनीवर टाकला. मांडीपाशी काहीतरी 'कट्' झालं.

हाड असू दे, देवा, तो मनात म्हणाला. नुसतं हाड असू दे.

"हं, आता जरा बरं!" अबेके म्हणाली. "पण ते उजवीकडचे पाहुणे झोपलेत की काय? पुन्हा एकदा, मुलीच्या आईवडिलांच्या पायाशी! आणि आता उठा म्हणेपर्यंत उठायचं नाही."

तिसऱ्यांदा तो लाडिपो साहेबांच्या पायाशी आडवा झाला. साहेब कोर्टातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. पण प्रार्थनेला बसले की त्यांना वेळेचं भान राहत नसे. त्यांनी कोलापोच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुरू केलं. तब्येत मागितली, मांडव म्हणाला, "आमीन!" लेकरं मागितली. "आमीन!" शांती मागितली. "आमीन!" खाली कोलापोच्या मांडीखाली काहीतरी हळूहळू, पण निश्चित आकार बदलत होतं.

आणि मधेच दोन्ही स्पीकर कडाडले, "पातळ पण पक्का!"

"आमीन!" मांडव सवयीने म्हणाला.

"खिशात ठेवा! बसा! उठा! लोळा!"

"आमीन..." या वेळी आवाज जरा कमी आले.

"वाकाल तुम्ही, फोन वाकणार नाही!"

"आमीन!" एकटी आयोकाची आजी म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं. मग स्पीकरमधून एक कर्कश किंकाळी आली आणि सगळं गप्प झालं.

लाडिपो साहेबांनी डोळे उघडले. "हे कोण बोललं?"

"नवरदेव, साहेब," अबेके म्हणाली. "पण ते तर इथे पालथे पडलेत!"

मांडवात हशा उसळला. कोलापो हसला नाही. त्याने अगबाड्याखाली हात घातला, खिसा चाचपला आणि त्याच्या बोटांना जे लागलं त्यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने ओढून पाहिलं. निघेना. सिजू रांगत जवळ आला.

"काय झालं?"

"काढ. आधी बाहेर काढ."

सिजूने चाचपलं. "कोलापो," तो हलकेच म्हणाला, "याचं केळं झालंय. सरळ खिशातून वाकडा फोन कसा निघणार?"

"चला, आता वराचे वडील बोलतील!" अबेकेने माइकवर पुकारलं. तिला सकाळी सांगितलं होतं तसं. "बापाचे शब्द कानावर पडेपर्यंत मुलाने उठायचं नाही!"

मांडवातल्या माना स्पीकरकडे वळल्या.

आई उठली. टेलरच्या बायकोच्या पिशवीत कात्री नाही, असं कधी झालं नव्हतं. ती मुलाशेजारी गुडघे टेकून बसली, त्याला कमरेपासून जरा कुशीवर वळवलं, अगबाडा बाजूला केला आणि खिशाची शिवण उसवायला लागली. दोन टाके कापले आणि तिचा हात थांबला.

"हा खिसा कोणी लावलाय?"

तिने तो टाका बोटाने चाचपला.

"हा यांच्या हातचा टाका नाही. कोणाचा आहे?"

"रफीउचा."

"रफीउचा! यांनी कापलेल्या कापडाला रफीउचा हात लावलास?"

"आई, बाबा खिसा विसरले होते," कोलापो गालिच्यात तोंड खुपसून म्हणाला. "कोणाला कळू नये म्हणून... तुला कळू नये म्हणून गेलो."

नवरा खिसा विसरला, ही गोष्ट आईला त्याच्या जाण्याइतकीच लागली असावी. तिने उरलेले टाके कापले आणि फोन बाहेर काढून सिजूच्या हातात दिला. तो मधोमध वाकला होता, कडेने उघडला होता, आणि काच काळी पडली होती. कोलापोने मान वळवून पाहिलं. बाबा दुसऱ्यांदा गेले, असं त्याला वाटलं, आणि या वेळी ते त्याच्याच अंगाखाली गेले.

"दुरो भावजी," आई वळून म्हणाली, "तुम्ही बोला आता."

"मी?" काकांनी अगबाड्याच्या बाह्या खांद्यावर टाकल्या. "मला तर सांगण्यात आलं, की माझा मोठा भाऊ बोलणार आहे. मी भावाचं ऐकायला आलोय. ऐकल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"भावजी, फोन मोडलाय!"

"वाकणार नाही, असं आत्ताच सगळ्यांनी ऐकलं की!"

मुलीकडचे हसले, मुलाकडचे खाली पाहू लागले. मुलाच्या बापाचा शब्द नाही तर मुलगी बाहेर येणार नाही, आणि मुलगी नाही तर मागणी नाही. लाडिपो साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"थांबा!" सिजू एकदम म्हणाला. त्याने फोन कानाशी धरला होता. "हा थरथरतोय! नुसती काच गेलीय, आतला जीव शाबूत आहे. मला चूल कुठे आहे ते सांगा!"

तो मागच्या बाजूला धावला. मोईन-मोईनच्या, वाटल्या डाळीच्या उकडलेल्या वड्यांचं मोठं पातेलं रटरटत होतं. त्याने पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून आपला स्वतःचा, जिवापाड जपलेला, कधीही खिशात न ठेवलेला फोन काढला आणि पातेल्याच्या झाकणावर पालथा घातला.

"अगं बाई, हे काय शिजवतोयस माझ्या चुलीवर?" स्वयंपाकीण ओरडली.

"काचेचा डिंक सुटतोय, मावशी! जरा ऊब लागू दे!"

इकडे मांडवात अबेकेने गाणं सुरू केलं, पण कोणाचं लक्ष लागेना. सगळे गालिच्यावरच्या माणसाकडे पाहत होते. लाडिपो साहेब म्हणाले, "मुला, ऊठ. खुर्चीवर बसून वाट बघ."

"नको, साहेब. बाबांचं मी असाच ऐकतो."

तेवढ्यात आतलं दार करकरलं आणि आयोका बाहेर आली. नवरीने बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नसतं! बायकांनी आ वासला. ती सरळ येऊन कोलापोच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसली.

"माझ्या पर्समध्ये दे म्हटलं होतं की नाही परवा?" तिने हळूच विचारलं.

"म्हटलं होतंस."

"मग?"

"मला वाटलं, माझ्याजवळ असला की काही होणार नाही."

आयोकाने त्याची घसरलेली टोपी नीट केली आणि तिथेच बसून राहिली. अबेकेने माइक तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला.

सिजू आला. कोलापोच्या वाकड्या फोनला त्याने आपल्या फोनची काच लावली होती आणि ती निसटू नये म्हणून वरून रबर गुंडाळलं होतं. काच सरळ, फोन वाकडा. त्याच्या स्वतःच्या फोनचं उरलेलं अर्धं तिकडे पातेल्याशेजारी पडलं होतं.

"अंगठा दे," तो म्हणाला. कोलापोने पडल्या पडल्या अंगठा पुढे केला. सिजूने बोट लावलं. स्पीकर खरखरले.

"ऐकू येतंय का?" अडिगुन टेलर म्हणाले. "का मी एकटाच बडबडतोय? असो. लाडिपो साहेब, अडिगुनचा नमस्कार. मला येता आलं नाही, माफी असावी. माझा मुलगा तुमच्या पायाशी पालथा पडला असेल. जरा हट्टी आहे, पण कापड चांगलं आहे. देव तुमच्या मुलीला सुखात ठेवो. या दोघांच्या संसाराची शिवण कधी उसवू नये. उसवलीच, तर दोघांनी एका दिव्याखाली बसून घालावी."

"आमीन," लाडिपो साहेब म्हणाले. त्यांच्या मागून सगळा मांडव म्हणाला.

"दुरो, तू आहेस ना तिथे? माझ्यानंतर तू बोल. चार माणसांत उभं राहून बोलणं मला कधी जमलं नाही. तुला जमतं. मला नेहमी अभिमान वाटायचा. सांगायचं राहून गेलं."

काकांनी बाही डोळ्यांना लावली ती काढलीच नाही.

"आणि कोलापो," स्पीकरमध्ये खोकला आला. "शोकोट्याला खिसा नाही, म्हणून तू रडला असशील. म्हातारा विसरला, असं वाटलं असेल तुला. मी विसरलो नाही रे. आज तुला पोटावर पडायचंय, आणि ते फळकूट तू कोणाच्या हातात देणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून खिसाच ठेवला नाही. आता ते दे आईच्या पिशवीत." मग बाबा हसले. दाराबाहेर ऐकू आलं होतं, तेच हसू. "आणि त्या रफीउकडे गेला असशील, तर घरी ये. मग बघतो तुझ्याकडे! झालं! ये आत!"

मांडव एवढा हसला, की आयोकाच्या आजीने काय झालं म्हणून तीनतीनदा विचारलं. कोलापो गालिच्यावर पालथा पडून रडत होता आणि रडता रडता हसत होता. 'घरी ये' म्हणणारं घरी कोणी नव्हतं, तरी त्याला खूप दिवसांनी कोणीतरी रागावलं होतं, आणि त्याला बरं वाटत होतं.

आईने पिशवीचं तोंड उघडून त्याच्यापुढे धरलं.

"दे."

त्याने फोन पिशवीत टाकला.

"विसरले नव्हते," आई शेजारच्या बाईला म्हणाली. मग त्या पलीकडच्या बाईलाही म्हणाली. "खिसा विसरले नव्हते हो! मुद्दाम ठेवला नव्हता!" आणि तिचा चेहरा असा उजळला, की लग्न तिचंच आहे असं वाटावं.

"ऊठ आता," लाडिपो साहेब म्हणाले. पण कोलापोच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे शेवटी मित्रांनी उचलूनच त्याला उभं केलं. मग दुरो काका बोलायला उभे राहिले आणि इतकं बोलले, की मोईन-मोईन पुन्हा गरम करावं लागलं.

आता त्या शोकोट्याची बाजू आईने पुन्हा शिवून टाकली आहे, अगदी अडिगुन टेलरांच्या टाक्याने. आधी बाबांच्या आवाजाची प्रत काढण्यात आली आणि मग सिजूला नवा फोन मिळाला. तो त्याने रुमालातच ठेवला आहे. दुकानावरची जाहिरात बंद झाली. पण फोन तेच, मोठे आणि पातळ, आणि गिऱ्हाइकांचा प्रश्नही तोच.

"हा रोज खिशात ठेवला, तर टिकेल ना हो?"

कोलापो आता स्टुलावर चढत नाही. तो गिऱ्हाइकाकडे नीट, गंभीरपणे पाहतो आणि विचारतो, "तुमचं लग्न झालंय?"

"झालंय की. का?"

"मग ठेवा खुशाल!"